कच्च्या नोंदीचे मोल

उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान सांगणारे यंत्र आज खिशाखिशांत जाऊन बसले आहे, आणि त्यामुळेच, पडद्यावर उमटणारे अक्षांश-रेखांश हे त्या यंत्राने प्रत्यक्ष पाहिलेले काही नसून, जे पाहिले त्यावरून काढलेले अनुमान आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. उपग्रह यंत्राला स्थान सांगत नाही. तो केवळ रेडिओलहरी पाठवितो, आणि त्या केव्हा निघाल्या, केव्हा पोहोचल्या, वाटेत त्यांची वारंवारता किती ढळली, एवढेच यंत्राला मोजता येते. या मोजमापांना काही गृहीतकांची जोड देऊन आणि काही दोष पोटात घालून यंत्र एक उत्तर सिद्ध करते, आणि उत्तर हाती येताच बहुतेक यंत्रे मूळ मोजमापे टाकून देतात. वाट शोधणाऱ्या प्रवाशाचे त्यावाचून काही अडत नाही. परंतु धरणाची भिंत वर्षभरात किती मिलिमीटर सरकली हे ज्याला पाहावयाचे आहे, किंवा भाऊबंदकीच्या तंट्यात सापडलेल्या बांधाची हद्द ज्याला मुक्रर करून द्यावयाची आहे, त्याला नुसता निकाल पुरत नाही. त्या निकालामागचा सगळा साक्षीपुरावा त्याला हवा असतो. सर्वेक्षणासाठी बनविलेले रिसीव्हर हा पुरावा क्षणाक्षणाला टिपून ठेवू शकतात. या असंस्कृत मोजमापांना मोजणीच्या व्यवसायात ‘रॉ डेटा’ म्हणतात. आपण त्यांना कच्ची नोंद म्हणू. ती कशी होते, तिच्यात काय काय असते आणि ती जपणे हे कर्तव्य का ठरते, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

जुन्या मोजणीचा वारसा

कच्ची नोंद जपण्याची शिस्त उपग्रहांनी आपल्या देशात आणली, असे मात्र नाही. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन याने आधाररेषेच्या मोजणीस प्रारंभ केला, आणि त्यातून हिंदुस्थानची जी प्रचंड त्रिकोणमितीय मोजणी उभी राहिली, तिचा हा प्रवर्तक ते कार्य चालू असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निवर्तला. त्याच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने ती मोजणी उत्तरेस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली, आणि तेथे एक चमत्कारिक विसंगती उघडकीस आली. मध्य हिंदुस्थानातील कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतील अंतर त्रिकोणांच्या साखळीने काढले असता एक येई, आणि ताऱ्यांच्या वेधांवरून काढले असता दुसरे. आणि या दोहोंत ५.२३६ विकलांचा फरक राही. एव्हरेस्टने हा फरक मोजणीतील दोष समजून सर्व साखळीवर वाटून टाकला. पण मूळ आकडे त्याने दडविले नाहीत, आणि सारे श्रेय या एका गोष्टीला आहे. कारण पुढे कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी त्याच आकड्यांवरून, हिमालयाच्या वस्तुमानाने ओळंबा किती ओढला जावयास हवा याचे गणित मांडले, तेव्हा अपेक्षित फरक १५.८८५ विकलांचा, म्हणजे प्रत्यक्षाच्या तिप्पट, निघाला. पर्वत जेवढा दिसतो तेवढ्या बळाने ओढत नाही, याचा अर्थ त्याच्या खाली काहीतरी हलके असले पाहिजे, हा विचार १८५५ मध्ये प्रॅट आणि जॉर्ज एअरी यांच्या लेखनातून प्रकट झाला, आणि भूकवच खालच्या जड द्रव्यावर समतोल राखून असते, हा भूशास्त्रातील सिद्धान्त त्यातून उदयास आला. सव्वापाच विकलांचा तो फरक कोणी ‘किरकोळ’ म्हणून कागदावरून पुसला असता, तर हा सिद्धान्त आणखी किती काळ अंधारात राहिला असता, कोण जाणे.

हीच शिस्त, अधिक साध्या रूपात, महाराष्ट्राच्या महसुली मोजणीतही आढळते. १८३० नंतरच्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातून जी मोजणी व जमाबंदी सुरू केली, तिच्यात तेहेतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली साखळी शेताच्या कडेने फिरे, आणि अशी एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा होई. नकाशा हा या मोजणीचा शेवटचा, देखणा अवतार. परंतु मोजणीदाराने शिवारात उभे राहून साखळीचे जे आकडे लिहून घेतले, ती टिपणे नकाशापेक्षा निराळी बांधून दफ्तरात ठेवली गेली. म्हणूनच आजही हद्दीचा वाद विकोपाला गेला म्हणजे भूमी अभिलेखाच्या कार्यालयात नकाशावर न थांबता टिपण काढून पाहतात. कारण नकाशा काढताना हाताची चूक होऊ शकते, कागद आक्रसू शकतो, पण टिपणातील आकडा जसा होता तसा राहतो.

नोंदीत काय असते

आता उपग्रहांकडे वळू. अमेरिकेच्या जीपीएस योजनेचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये आकाशात गेला आणि १९९५ मध्ये ती व्यवस्था पूर्णत्वास गेली. तिचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून, बारा तासांना थोडा कमी एवढ्या अवधीत एक प्रदक्षिणा पुरी करतात. तिच्या जोडीला आज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेइदू आणि भारताची नाविक अशा व्यवस्था आहेत. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला गेला. सर्वेक्षणाचा चांगला रिसीव्हर यांपैकी बहुतेकांच्या लहरी एकाच वेळी ऐकतो आणि ठरवून दिलेल्या अंतराने, म्हणजे दर सेकंदाला, दर पंधरा सेकंदांनी किंवा दर तीस सेकंदांनी, प्रत्येक उपग्रहाविषयी मुख्यतः चार गोष्टी लिहून ठेवतो: आभासी अंतर, वाहक लहरीची कला, वारंवारतेतील ढळ आणि लहरीचे बळ.

यांतील पहिल्या दोन गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत. कल्पना करू की, जीपीएसच्या सातव्या क्रमांकाच्या उपग्रहासमोर यंत्राने दोन आकडे लिहिले: पहिला २२३४५६७८.१२३ आणि दुसरा ११७४२७३३०.५०४. पहिला आकडा मीटरांत आहे. उपग्रहाने आपल्या घड्याळाप्रमाणे लहर केव्हा सोडली आणि ती यंत्राच्या घड्याळाप्रमाणे केव्हा पोहोचली, या दोन वेळांतील फरक, येथे सुमारे ७४ सहस्रांश सेकंद, प्रकाशाच्या वेगाने गुणून तो येतो. पण यंत्राचे घड्याळ स्वस्त आणि चुकार असते, आणि एका सेकंदाच्या अब्जांश भागात प्रकाश तीस सेंटिमीटर जातो, म्हणून या अंतराला ‘आभासी’ म्हणावयाचे. चौथ्या उपग्रहाची गरज लागते ती याच घड्याळाच्या चुकीसाठी. लांबी, रुंदी, उंची आणि घड्याळाची चूक अशी चार अज्ञाते सोडविण्यास निदान चार समीकरणे हवीत. दुसरा आकडा लहरींच्या संख्येत आहे. जीपीएसच्या मुख्य लहरीची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ असून तिची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर भरते. आणि अशा एका लहरीचा शंभरावा भाग यंत्राला ओळखता येतो, म्हणजे ही मोजणी दोन मिलिमीटरांपर्यंत बारीक जाते. उलट, आभासी अंतर ज्या संकेतावरून काढतात त्याचा एकेक तुकडा सुमारे २९३ मीटर लांबीचा असल्याने त्याची बारकाई मीटरांच्या आसपासच राहते. खिशातले यंत्र आपले उत्तर बहुतांशी पहिल्या आकड्यावर काढते. सर्वेक्षक दुसऱ्यावर विसंबतो.

लहरींची हरवलेली संख्या

पण दुसऱ्या आकड्यात एक मोठी अडचण दडलेली आहे. यंत्राला लहरीचा अपूर्णांक अचूक कळतो, आणि ऐकू लागल्यापासून किती पूर्ण लहरी वाढल्या किंवा घटल्या हेही ते बिनचूक मोजते. परंतु ऐकण्यास आरंभ करण्याच्या क्षणी उपग्रह आणि आपण यांच्यामध्ये मुळात किती पूर्ण लहरी होत्या, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. मिलिमीटरच्या रेघा लख्ख दिसताहेत, पण मीटरचे आकडे मात्र पुसून गेले आहेत, अशी पट्टी हाती यावी, तसा हा प्रकार आहे. ही अज्ञात पूर्ण संख्या शोधून काढणे हाच उपग्रहीय सर्वेक्षणातील मर्माचा भाग, आणि कच्ची नोंद दीर्घकाळ का घ्यावी लागते याचे उत्तरही त्यातच आहे.

ती संख्या शोधण्याची युक्ती अशी की, एक यंत्र ज्याचे स्थान पक्के ठाऊक आहे अशा जागी ठेवावयाचे, दुसरे नव्या जागी ठेवावयाचे, आणि दोघांनी एकाच वेळी तेच उपग्रह ऐकावयाचे. एकाच उपग्रहाच्या दोन ठिकाणच्या मोजमापांची वजाबाकी केली की उपग्रहाच्या घड्याळाची चूक उडून जाते. मग अशाच दोन उपग्रहांच्या वजाबाक्यांची पुन्हा वजाबाकी केली की रिसीव्हरांच्या घड्याळांच्या चुकाही उडतात. आणि शेवटी उरतात ती दोन जागांमधील अंतर आणि ती अज्ञात पूर्ण संख्या. उपग्रह सेकंदाला जवळजवळ चार किलोमीटर वेगाने पुढे सरकत असतात, त्यामुळे आकाशातील त्यांची मांडणी सतत बदलते. पण लहर तुटली नाही तोवर ती पूर्ण संख्या मात्र बदलत नाही. मांडणी पुरेशी बदलेपर्यंत धीर धरला की चुकीच्या संख्या एकेक करून विसंगत ठरत जातात आणि खरी संख्या उरते. या शोधाला शिस्तबद्ध गणिताचे रूप १९९३ मध्ये नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथील पीटर टॉइनिसन यांनी दिले, आणि आजची बहुतेक यंत्रे त्याच पद्धतीच्या आधारावर चालतात.

वाहक लहरीवरून अंतर मोजण्याचा हा मार्ग प्रथम चोखाळणाऱ्यांत अमेरिकेतील एमआयटीचे चार्ल्स काउन्सलमन यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. त्यांच्या ‘मॅक्रोमीटर’ या यंत्राने १९८२ मध्ये, उपग्रहाचा गुप्त किंवा उघड संकेत न वाचताच, केवळ लहरींच्या कलेवरून सर्वेक्षण करून दाखविले. या मार्गाचे एक महत्त्व पुढे अधिकच प्रत्ययास आले. अमेरिकन सरकार २ मे २००० पर्यंत नागरी संकेतात हेतुपुरस्सर दोष मिसळीत असे, आणि त्यामुळे सामान्य माणसाचे उत्तर शंभर मीटरपर्यंत भरकटे. परंतु दोन ठिकाणी एकाच वेळी कच्ची नोंद घेऊन मागाहून वजाबाकी करणाऱ्या सर्वेक्षकाच्या हिशेबातून तो दोष बहुतांशी आपोआप निघून जाई. ज्याच्याजवळ पुरावा होता, त्याला निकालातील भेसळीची झळ लागली नाही.

तिवईच्या पायाशी

एवढी सूक्ष्म गणिते करणारे यंत्र शेवटी मातीत उभे राहते, आणि त्याच्या नोंदीचे सारे भवितव्य तिवईच्या तीन पायांवर अवलंबून असते. प्रथम जागेची निवड: डोक्यावरचे आकाश शक्यतो चहूकडून मोकळे हवे, आंब्याची राई, पत्र्याचे छप्पर, पाण्याची उंच टाकी यांपासून दूर जावे, कारण पानांत लहर अडखळते, आणि पत्र्यावरून परावर्तित होऊन आलेली लहर थेट लहरीत मिसळली म्हणजे आकड्यांत काही सेंटिमीटरांची भेसळ होते. क्षितिजाशी दहा ते पंधरा अंशांखालचे उपग्रह सहसा वगळतात, कारण त्यांच्या लहरींना हवेतून फार तिरका व लांबचा प्रवास करावा लागतो. मग तिवईचे पाय जमिनीत घट्ट रोवून, यंत्राच्या बैठकीवरील पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणावा आणि ओळंब्याने, अथवा बैठकीतील लहान दुर्बिणीने, खालच्या दगडावर कोरलेल्या खुणेशी यंत्राचा अक्ष जुळवावा. या जुळणीत तीन मिलिमीटरांची कसर राहिली, तर पुढे कितीही दिवस लहरी मोजल्या तरी ते तीन मिलिमीटर नोंदीत कायम राहणार.

यानंतरची क्रिया लहान, पण सर्वांत अधिक घात करणारी: अँटेनाची उंची मोजणे. पट्टी सरळ उभी धरता येत नाही, कारण मध्ये बैठक आणि तिवईचे डोके येते; म्हणून दगडावरच्या खुणेपासून अँटेनाच्या कडेवरील ठरावीक रेघेपर्यंत तिरके माप घेतात. समजा हे तिरके माप १.६०० मीटर भरले आणि अँटेनाची त्रिज्या १६ सेंटिमीटर आहे. तर काटकोन त्रिकोणाच्या नियमाने उभी उंची १.५९२ मीटर येईल. हे आठ मिलिमीटर किरकोळ वाटतील. पण तिरके माप उभे म्हणून लिहिले गेले, तर त्या ठिकाणची उंची कायमची आठ मिलिमीटरांनी चुकेल, आणि ही चूक कोणतेही गणित पकडू शकणार नाही, कारण गणिताला लहरी दिसतात, पट्टी दिसत नाही. म्हणून जाणता सर्वेक्षक उंची तीन बाजूंनी, आरंभी आणि अखेरीस दोन्ही वेळा मोजतो, ती तिरकी की उभी हे स्पष्ट लिहितो, आणि शक्य असेल तर पट्टीसह अँटेनाचे छायाचित्रही घेऊन ठेवतो.

मग यंत्र सुरू करून, नोंद खरोखर यंत्राच्या स्मृतीत उतरत आहे ना याची खातरजमा करून घ्यावी आणि दोन्ही यंत्रांवरील नोंदीचे अंतर सारखे ठेवावे. दोन जागांमध्ये चार-पाच किलोमीटर असतील तर वीस-तीस मिनिटे पुष्कळदा पुरतात. अंतर पन्नास किलोमीटरवर गेले की काही तास बसावे लागते. या वेळात यंत्राजवळून वाहन नेऊ नये, तिवईला धक्का लागू देऊ नये, आणि गावातील मुलांना यंत्राचे कुतूहल वाटले तर ते जरा दुरूनच शमवावे.

आकाशातील विघ्न

आपल्या देशात या नोंदीला एक विशेष विघ्न सोसावे लागते. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, सूर्यप्रकाशाने सुटे झालेले विद्युत्कण असतात, आणि ते उपग्रहाची लहर मंदावतात. हा विलंब कधी काही मीटरांचा, कधी दहा-वीस मीटरांहूनही अधिक भरतो. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्तरेषा दक्षिण भारताच्या टोकाजवळून जाते, आणि तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा येथे १९६३ मध्ये आपले पहिले अग्निबाण-केंद्र स्थापन झाले ते याच कारणाने. या रेषेवरील विद्युत्कण दिवसा वर उचलले जाऊन उत्तर-दक्षिणेस ओसंडतात, आणि त्यामुळे त्यांची सर्वाधिक दाटी खुद्द रेषेवर न होता तिच्या दोन्ही बाजूंस, आपल्याकडे साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात, होते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये, जणू चढणीवर वसलेला आहे. म्हणून येथे आयनांबर थोड्याच अंतरात पुष्कळ बदलते, आणि पन्नास किलोमीटरवर ठेवलेल्या दोन यंत्रांना एकच आकाश मिळत नाही.

यावर उपाय असा की, एकाच उपग्रहाच्या दोन निरनिराळ्या वारंवारतांच्या लहरी टिपाव्या. आयनांबराचा विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झच्या दोन्ही लहरी हाती असल्या की त्यांच्या फरकावरून तो विलंब काढून टाकता येतो. परंतु सूर्यास्तानंतर काही तास, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत, आणि सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात डाग वाढलेले असताना, आयनांबरात खळबळ माजते आणि लहर इतकी लखलखते की यंत्राची लहरींची मोजदादच मध्ये तुटते. मोजदाद तुटली की ती पूर्ण संख्या पुन्हा शोधावी लागते. ज्याने केवळ उत्तर जपले, त्याला असा खंड पडला हेही कळत नाही. ज्याने कच्ची नोंद जपली, त्याला कोणत्या सेकंदाला कोणत्या उपग्रहाचा धागा तुटला हे दिसते, आणि तेवढा भाग वगळून बाकीची साक्ष ग्राह्य धरता येते.

सर्वांना वाचता येईल अशी लिपी

ट्रिंबल, लायका, यू-ब्लॉक्स अशा प्रत्येक कारखान्याचे यंत्र आपली नोंद आपल्याच द्विमान लिपीत लिहिते. १९८९ मध्ये युरोपभर एकत्रित मोजणीची मोहीम निघाली, तेव्हा चार निरनिराळ्या कारखान्यांचे साठाहून अधिक रिसीव्हर एकाच वेळी काम करणार होते, आणि त्यांच्या नोंदी एकत्र कशा वाचाव्या हा प्रश्न उभा राहिला. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातील खगोलशास्त्र संस्थेत वेर्नर गुर्टनर यांनी त्यासाठी साध्या अक्षरांत लिहिलेली एक समाईक मांडणी सिद्ध केली. तिला ‘राइनेक्स’ म्हणतात, आणि अनेक सुधारणांसह ती आजही जगभर रूढ आहे. या मांडणीची थोरवी तिच्या साधेपणात आहे. फाइल कोणत्याही संगणकावर उघडावी, आरंभी ठिकाणाचे नाव, निरीक्षकाचे नाव, रिसीव्हर व अँटेना यांचे प्रकार आणि क्रमांक, अँटेनाची उंची, नोंदीचे अंतर आणि पहिल्या मोजमापाची वेळ यांची कैफियत वाचावी, आणि मग खाली क्षणामागून क्षण उपग्रहांचे आकडे पाहत जावे.

वेळेच्या बाबतीत मात्र भारतीय वाचकाने सावध असावे. ही वेळ जीपीएसची असते. ती ६ जानेवारी १९८० पासून अखंड मोजली जाते, आणि मध्यंतरी जागतिक वेळेत वाढविलेले सेकंद तिच्यात धरलेले नसल्याने १ जानेवारी २०१७ पासून ती जागतिक वेळेच्या अठरा सेकंद पुढे आहे. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे फाइलीतील दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास बदलतो. म्हणून पहाटे चार वाजता सुरू केलेली नोंद आदल्या दिवसाच्या नावाने जमा होते, आणि रोजनाम्यात तारीख लिहिताना हे ध्यानात न ठेवल्यास दोन ठिकाणच्या नोंदींची गाठच पडत नाही.

फेरतपासणीचा अधिकार

कच्ची नोंद जपण्याचे पहिले फळ असे की, आजच्यापेक्षा उद्याचे उत्तर अधिक चांगले निघू शकते. उपग्रह आपल्या कक्षेची जी माहिती स्वतः प्रसारित करतो, तिच्यात मीटरभराची चूक असू शकते. पण जगभरातील शेकडो स्थायी केंद्रांच्या नोंदींवरून, ज्यांत बंगळूर आणि हैदराबाद येथील केंद्रेही आहेत, आंतरराष्ट्रीय जीएनएसएस (म्हणजे उपग्रहीय स्थाननिर्देशन व्यवस्थांची) सेवा मागाहून त्याच कक्षा दोन-तीन सेंटिमीटरांच्या अचूकतेने ठरविते आणि दोन-तीन आठवड्यांत सर्वांस खुल्या करते. १९९४ पासून अव्याहत चालू असलेले हे सहकार्य शास्त्रीय बंधुभावाचे एक उदात्त उदाहरण आहे; परंतु त्याचा लाभ ज्याने मूळ मोजमापे ठेवली त्यालाच घेता येतो. आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडियानेही अहोरात्र नोंद करणारी स्थायी केंद्रे देशभर उभारली असून महाराष्ट्रात अशी सत्त्याहत्तर केंद्रे आहेत. त्यामुळे खेड्यात एकच रिसीव्हर घेऊन गेलेल्या मोजणीदारालाही, जवळच्या केंद्राची त्याच वेळेची नोंद मागवून, दुहेरी वजाबाकीचे गणित करता येते.

दुसरे फळ असे की, जमीन स्वतःच स्थिर नाही. भारताचे भूखंड ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकत आहे, आणि पंचवीस वर्षांत हे सरकणे मीटरभराच्या पुढे जाते. जागतिक चौकटीतील अक्षांश-रेखांश त्यामुळे तारखेवाचून अर्थहीन ठरतात. आणि ज्या नोंदीत प्रत्येक आकड्यासोबत क्षण लिहिलेला आहे, तीच पुढच्या पिढीला कोणत्याही नव्या चौकटीत बसवून घेता येते. कोयनेच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेला भूकंप किंवा किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा उत्पात ज्या महाराष्ट्राने सोसला, त्याने जमिनीच्या अशा सूक्ष्म हालचालींच्या नोंदी जपण्याविषयी उदासीन राहणे परवडणारे नाही.

तिसरे फळ सर्वांत आश्चर्यकारक आहे, आणि ते सव्वापाच विकलांच्या त्या जुन्या फरकाच्याच जातकुळीचे आहे. सर्वेक्षक ज्याला दोष म्हणून काढून टाकतो, ते दुसऱ्या शास्त्राचे धन असते. वातावरणाच्या खालच्या थरातील बाष्पाने लहरीला जो विलंब होतो, त्यावरून हवेतील पाण्याचे प्रमाण काढता येईल, असे १९९२ मध्ये मायकेल बेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, आणि आज हवामानशास्त्रात ही पद्धत प्रत्यक्ष उपयोगात आहे. त्याहून विस्मयकारक गोष्ट लहरीच्या बळाच्या रकान्याची. जमिनीवरून परावर्तित होऊन अँटेनात मिसळणारी लहर हा सर्वेक्षकाचा वैरी. पण तिच्यामुळे बळाच्या आकड्यांत जी बारीक आंदोलने उमटतात, ती माती कोरडी की ओली यावर अवलंबून असतात, हे कोलोरॅडो विद्यापीठातील क्रिस्टिन लार्सन यांनी २००८ मध्ये सिद्ध केले, आणि जमीन मोजण्यासाठी बसविलेल्या जुन्या केंद्रांच्या नोंदींतून मातीतील ओल वाचता येऊ लागली. त्या नोंदी घेताना हा उपयोग कोणाच्याही स्वप्नात नव्हता. कोणता आकडा निरुपयोगी आहे हे नोंद घेण्याच्या दिवशी ठरविता येत नाही. म्हणूनच तो टाकून देण्याचा अधिकारही त्या दिवशी कोणाला नसतो.

दफ्तरी दाखल करणे

आजची प्रचलित रीत याच्या विरुद्ध दिशेने जाऊ पाहत आहे, याची मला चिंता वाटते. हल्ली स्थायी केंद्राकडून मोबाइलच्या जाळ्यावरून दुरुस्त्या मागवून, काठीवर बसविलेला रोव्हर, म्हणजे फिरता रिसीव्हर, शेतात फिरवितात, आणि काही सेकंदांतच दोन-तीन सेंटिमीटरांच्या अचूकतेचे उत्तर पडद्यावर येते. ही सोय मोठी आहे आणि तिचा लाभ अवश्य घ्यावा. हद्द कायम करण्यासाठी अर्ज करून महिनोन् महिने तिष्ठणाऱ्या शेतकऱ्याला वेगाचे महत्त्व कोणी सांगावे लागत नाही. परंतु रोव्हरवर कच्ची नोंद चालू ठेवण्याची कळ दाबली नसेल, तर त्या उत्तराच्या मागे काहीच उरत नाही. यंत्राने पूर्ण संख्या चुकीची धरली असेल, झाडाखाली लहर तुटली असेल, किंवा उंची लिहिताना चूक झाली असेल, तरी दहा वर्षांनी कोर्टात उभे राहिलेल्या दोन पक्षकारांपुढे फक्त एक ठाम आकडा असेल, आणि त्या आकड्याची उलटतपासणी करता येणार नाही.

ही नोंद जपण्याला लागणारा खर्च आज नगण्य आहे. तीस सेकंदांच्या अंतराने घेतलेली अखंड दिवसाची नोंद म्हणजे प्रत्येक उपग्रहाची फार तर २,८८० मोजमापे. ती दाबून ठेवली तर एका छायाचित्राएवढीही जागा अडवीत नाही. २०१६ पासून अँड्रॉइड प्रणालीच्या अनेक साध्या मोबाइलांतूनही कच्ची मोजमापे बाहेर काढण्याची सोय झाली आहे; तेव्हा ही विद्या आता मोठ्या कार्यालयांची मिरास राहिलेली नाही आणि महाविद्यालयातील विद्यार्थीही तिचा अभ्यास करू शकतात. अडचण साधनांची नसून सवयीची आहे. माझे निवेदन असे की, जेथे जेथे उपग्रहाच्या आधाराने जमीन मोजली जाते, तेथे नकाशाच्या ‘क’ प्रतीबरोबर त्या मोजणीची राइनेक्स फाइल, अँटेनाच्या उंचीचा हस्तलिखित दाखला आणि खुणेच्या दगडाचे छायाचित्र हीदेखील दफ्तरी दाखल व्हावी, आणि जशी टिपणाची नक्कल अर्ज करणाऱ्यास मिळते तशीच तीही मिळावी. मोजणीदाराच्या सचोटीविषयी शंका म्हणून हे करावयाचे नाही; सचोटीने काम करणाऱ्या मोजणीदारालाच त्याचा सर्वांत मोठा आधार आहे, कारण आपला निर्णय आपल्या पश्चात कोणीही तपासून पाहावा, असे म्हणण्याचे बळ त्याला त्या नोंदीमुळे लाभते.